जुनी फिल्म आणा, मग बोलू!

डॉ. विमल खडतकर मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मे महिना होता, बाहेर रायपूरचं डांबर मऊ पडलं होतं आणि मॅडमच्या डोक्यावर माकडटोपी होती. अंगात करडा स्वेटर, पायांत लोकरीचे मोजे, हातात मीठ लावलेली अर्धी काकडी. मी दारातच थबकले.

"काय पाहून राहिली?" त्या म्हणाल्या. "मशीनले गरम होते म्हणून एवढा एसी. मशीनचं सारे ऐकतात. माह्या हाडांचं कोणी ऐकत नाई. बस."

बूढापारा भागातल्या एका सीटी स्कॅन सेंटरमध्ये मी टायपिस्ट म्हणून लागले तो हा दिवस. माझी दोन्ही पोरं शाळेत जायला लागली होती, घरी बसून डोकं भणभणायचं, आणि लग्नाआधी शिकलेलं टायपिंग अजून बोटांत होतं. मॅडम रेडिओलॉजिस्ट. पेशंटच्या शरीराच्या आतले फोटो पडद्यावर पाहायच्या आणि त्यात काय दिसतं ते भराभर बोलायच्या. मी ते टाइप करायचं. पहिल्याच अहवालात मी घाबरून 'राइट लंग'च्या ठिकाणी 'राइट लुंगी' टाइप केलं. मॅडमनी कागद नाकाजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला.

"बाई, त्याची छाती तपासून राहिलो आपण. लुंगी त्यानं बाहेर काढून ठेवली."

एवढंच. रागावल्या नाहीत. पण पुढची अकरा वर्षं कुठल्याही नव्या माणसाशी माझी ओळख त्या "ही आमची लुंगीवाली सुनंदा" अशीच करून द्यायच्या. समोर मोठमोठे डॉक्टर असले तरी.

मॅडम मूळच्या यवतमाळकडच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या त्याला तीस वर्षं होऊन गेली होती, पण बोलण्यातल्या यवतमाळला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. हिंदीसुद्धा त्या मराठीतूनच बोलायच्या. उंची जेमतेम पाच फूट. गळ्यात साखळीला दोन चष्मे, एक जवळचा आणि एक लांबचा, आणि नेमका नको तो डोळ्यांवर. त्यांच्या खोलीत दिवसाही अंधार असायचा, कारण पडदे नीट दिसायला तो लागतो. त्या अंधारात त्या सारखं काहीतरी चावत असायच्या. उन्हाळ्यात काकडी, हिवाळ्यात पेरू, पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा. ऐन वाक्याच्या मधे कचकन आवाज यायचा आणि मी तिथे स्वल्पविराम द्यायचे.

आमच्याकडे डोकी, पोटं, पाठी सगळं यायचं, पण मॅडमचा खरा जीव छातीत. शहरातले छातीचे सर्जन डॉ. दुबे ऑपरेशनआधी प्रत्येक पेशंट आमच्याकडे धाडायचे. छातीत गाठ असल्याचा संशय असला की कापायच्या आधी मॅडमनी पाहायचं, असा शिरस्ता होता. दुबे सर कापायचे आणि मॅडम कुठे कापू नका ते सांगायच्या. दोघांचं एक दिवसही पटलं नाही.

"मैडम, आप रिपोर्ट में इतना 'लेकिन' क्यों लिखती हैं?" दुबे सर फोनवर ओरडायचे. "हाँ या ना लिखिए!"

"डॉक्टर साहब, फेफड़ा कोर्ट में नहीं खड़ा है," असं म्हणून मॅडम फोन ठेवायच्या आणि मला सांगायच्या, "दोन 'लेकिन' अजून टाक."

एकदा मी विचारलं, एक्स-रेमध्ये गोळा दिसतोच की, मग एवढी मोठी मशीन कशाला? त्या दिवशी मी येता येता गोल बाजारातून भाजी आणली होती. मॅडमनी माझ्या पिशवीतून न विचारता पत्ताकोबी काढली, आमचे टेक्निशियन रामेश्वर साहू यांच्या डब्यातली सुरी घेतली आणि टेबलावर कोबीच्या पातळ पातळ चकत्या करायला लागल्या. रामेश्वर पन्नाशीचे, शांत, मशीन चालवण्यात पटाईत. ते आपल्या छत्तीसगढीत म्हणाले, "हव मैडम, काटव," आणि बाजूला उभे राहिले. पाचव्या चकतीला आत अळी निघाली.

"पाह्य," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आनंद पाहून वाटलं, अळी त्यांनीच ठेवली असेल. "वरून कोबी कशी चकाचक होती. एक्स-रे म्हणजे वरून पाहणं. आत अळी कुठं बसली, किती पानं खाल्ली, देठापर्यंत गेली का, दुसऱ्या कोबीत घुसली का, हे चकती केल्याशिवाय कळत नाई. आपण न कापता चकत्या करतो. मग दुबे कापते. छाती उघडल्यावर त्याले नवल वाटलं नाई पायजे. नवल आपल्याले वाटू दे, इथं, काकडी खाता खाता."

त्या दिवशी माझ्या घरी कोबी झाली नाही.

एवढं सगळं असून मॅडमना मशीनचं फार कौतुक नव्हतं. पेशंट आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "जुनी फिल्म आणा, मग बोलू!" माणसं गोंधळायची. आम्ही नवा स्कॅन करायला आलो आणि ही बाई जुना कागद मागते. आमच्या सेंटरच्या मालकांनाही ते आवडत नसे. त्यांनी बाहेर मोठा बोर्ड लावला होता, मशीनचा फोटो, त्यावर हार. दर दसऱ्याला मशीनसमोर नारळ फुटायचा. मॅडम म्हणायच्या, "नारळ मशीनसमोर फोडता, अहवाल मी सांगते. मले निदान खोबरं तरी द्या."

पेशंटच्या नातेवाइकांशी त्यांचं वागणं तर विचारूच नका. नातेवाईक आधी गुपचूप खोलीत शिरायचे. "मैडम, पिताजी को मत बताना, उनको हमने गैस बोला है." मॅडम दार उघडून बाहेर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवायच्या. "तो माणूस एकटा बसून इकडंच पाहून राहिला. तुम्ही चार जण डोळे पुसत आत येता, डोळे पुसत बाहेर जाता. त्याले काय वाटत असन, आत आम्ही कांदे कापून राहिलो?" मग स्वतः बाहेर जाऊन म्हाताऱ्याशेजारी बसायच्या, कुठल्या गावचे, शेतात काय लावलं, बिडी कधीपासून, असं विचारायच्या. दहा मिनिटांत म्हातारा सांगायचा की त्याला सगळं माहीत आहे, फक्त मुलांना सांगू नका, ती घाबरतात.

वेणीचा किस्सा माझ्या पहिल्याच वर्षातला. एका शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या, बरोबर नवरा, दीर, जाऊ आणि एक रडणारी आई. कुठल्याशा गावच्या दवाखान्यात काढलेल्या एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या अगदी वर पांढरा पट्टा होता. कुणीतरी सांगून टाकलं होतं, गाठ आहे, रायपूरला जा, सीटी करा, ऑपरेशन लागेल. दोन दिवस घरात चूल पेटली नव्हती. मॅडमनी फिल्म पाहिली. मग बाईंकडे पाहिलं. मग त्यांच्या मागे गेल्या.

"ही वेणी रोज अशीच घालता?"

बाईंनी गोंधळून मान हलवली. चांगली कमरेपर्यंत, तेल चोपडलेली, मुसळासारखी वेणी.

"एक्स-रे काढताना वर बांधली होती का मोकळी होती?"

"खांद्यावर होती."

मॅडमनी रामेश्वरना बोलावलं, वेणी डोक्यावर बांधायला लावली आणि साधा एक्स-रे परत काढला. पट्टा गायब. आई रडायची थांबली आणि हसायला लागली, ती हसताना जास्त भेसूर दिसत होती. मालक म्हणाले, मॅडम, सीटी करायला आलेला पेशंट तुम्ही परत पाठवला. मॅडम म्हणाल्या, "मंग काय वेणीचं ऑपरेशन करू?"

सगळ्याच गोष्टी वेणीवर सुटायच्या नाहीत. गजानन ठवकर शहराबाहेर सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, आमच्यासारखेच मराठी. खोकला झाला म्हणून एक्स-रे काढला, त्यात डाव्या बाजूला सुपारीएवढी गोल सावली निघाली. दुबे सरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवूनही टाकलं. सीटीसाठी शुक्रवारी आमच्याकडे आले ते बायकोला घेऊन, आणि बायकोच्या हातात देवीचा प्रसाद.

मॅडमनी स्कॅन केला. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. काकडी तशीच हातात.

"ठवकर, कारखान्यात दरवर्षी तपासणी होते ना? छातीचा फोटो काढतात?"

"हो जी. काढतात. सहा वर्षांपासून."

"कुठं आहेत ते फोटो?"

ठवकरांनी बायकोकडे पाहिलं. बायको खाली पाहायला लागली.

"अवं सांग ना," ठवकर म्हणाले.

"खिडकीले लावला," ती हळूच म्हणाली. "काच फुटली होती. मांजर यायची. म्हणून मी तो फोटो ठोकला खिळ्यानं. बाकीचे उंदरानं खाल्ले."

मी ओठ दाबून बसले होते, पण रामेश्वर बाहेर जाऊन हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्ता जा. खिळे काढा. फोटो आणा. मांजरीले दोन दिवस येऊ द्या."

संध्याकाळच्या आत ठवकर परत आले. फिल्मला चार कोपऱ्यांत चार भोकं, एका बाजूला तव्याच्या धुराचा तेलकट थर. मॅडमनी ओल्या कापसाने ती पुसली, उजेडाच्या खोक्यावर लावली. सुपारी होती. तिथेच. तेवढीच. पाच वर्षांपूर्वीची तारीख कोपऱ्यात होती.

"पाह्य सुनंदा," त्या म्हणाल्या, "गाठ वाईट असती तर पाच वर्षं अशी चूपचाप बसली असती का? हिच्यात चुना भरला आहे, सीटीत पांढरी फटक दिसून राहिली. जुन्या कुठल्यातरी रोगाचा दगड झाला. याले कापून काय मिळन? दगड मिळन."

दुबे सर फोनवर बरेच ओरडले. मग थांबले. मग विचारलं, "वो फिल्म खिड़की पर लगी थी? सच में?" मॅडम म्हणाल्या, "हाँ. आप अपने अस्पताल की खिड़कियाँ भी देख लीजिए." ऑपरेशन रद्द झालं. ठवकर खोकल्याचं औषध घेऊन घरी गेले. पुढे दर सहा महिन्यांनी ते तपासणीला यायचे आणि मॅडम पहिल्यांदा मांजरीची चौकशी करायच्या.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, मॅडमचं कधी चुकलंच नाही. मलाही तसंच वाटायचं, दुबे सर मागच्या दाराने आले त्या दुपारपर्यंत.

मागच्या दाराने म्हणजे खरोखर मागच्या दाराने, जिथून सफाईवाली यायची. टोपी कपाळापर्यंत ओढलेली. आत येऊन त्यांनी मॅडमसमोर एक एक्स-रे ठेवला. नाव होतं रामप्रसाद.

"एक मरीज़ है. देख लीजिए."

मॅडमनी फिल्म लावली. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात लिंबाएवढा गोळा. त्यांनी गोळ्याकडे क्षणभर पाहिलं, मग वर खांद्याकडे.

"हा रामप्रसाद लहानपणी आंब्याच्या झाडावरून पडला होता का?"

दुबे सरांनी टोपी काढली.

"डावं गळपट्टीचं हाड मोडून तिरपं जुळलं आहे. तुम्ही मला एकदा शर्ट सरकवून दाखवलं होतं, साहेब. भांडताना." मॅडमनी चष्मा बदलला. त्या हिंदीतच बोलत होत्या, मी आपल्या भाषेत सांगते. "रामेश्वरजी, टेबल तयार करा. रामप्रसादजी, अंगठ्या काढा."

नऊ अंगठ्या निघाल्या, प्रत्येक ग्रहासाठी एक. गळ्यातलं लॉकेट निघालं. टेबलावर झोपलेला सर्जन म्हणजे काय असतं ते मी काचेतून त्या दिवशी पाहिलं. हात डोक्यावर, पोट उघडं, आणि मोज्याला भोक. मॅडमनी मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज बंद केला आणि स्वतः माइकवर बोलायला लागल्या.

"साँस लो. पूरी. रोको. अरे, रोको म्हटलं ना!"

"मैं सर्जन हूँ, साँस लेना जानता हूँ!"

"जानते हो, लेकिन लेते नहीं. फिर से."

मग शिरेतून औषध गेलं. ते गेलं की अंगभर एकदम ऊब पसरते आणि माणसाला वाटतं, आपली चड्डी ओली झाली. आम्ही प्रत्येक पेशंटला हे आधी सांगतो. दुबे सरांना कोण सांगणार? त्यांनीच हजारो पेशंट पाठवले होते. आतून घाबरलेला आवाज आला, "मैडम... लगता है... कुछ हो गया."

"कुछु नइ होय हे सर, अइसने लागथे," रामेश्वर शांतपणे म्हणाले. मॅडम टेबलावर डोकं टेकवून इतक्या हसल्या की दोन्ही चष्मे एकमेकांत अडकले.

हसणं तिथेच संपलं. चित्रं आली. दुबे सर शर्टाची बटणं न लावताच आत येऊन मॅडमच्या मागे उभे राहिले. त्यांना वाचायला कुणाची गरज नव्हती. गोळा बरगडीला टेकलेला. आणि दोन फुफ्फुसांच्या मध्ये, श्वासनळीच्या आजूबाजूला, फुगलेल्या गाठींचा घोस.

दुबे सर खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मी हळू ऐकला.

"फैल गया है. पसली में भी चिपका है." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टाइप करो. इनऑपरेबल."

म्हणजे ऑपरेशन होण्यासारखं नाही. माझी बोटं कीबोर्डवर होती. मोठा डॉक्टर सांगतोय, मी टाइप करणार तोच मॅडम म्हणाल्या, "सुनंदा, हात काढ."

मी काढला.

"साहेब, तुम्ही मला विचारता ना, मी एवढे 'लेकिन' काहून लिहिते?" मॅडमनी पडद्याकडे पाहत बोलायला सुरुवात केली. "मी आधी नव्हती लिहीत. तुमच्यासारखीच होती. हाँ किंवा ना. दुर्गचा एक शिंपी आला होता. असाच गोळा, अशाच गाठी. मी लिहिलं, पसरला आहे, ऑपरेशनचा फायदा नाही. स्वच्छ, एका ओळीत. त्याच्या सर्जननं माझी ओळ वाचली आणि त्याला घरी पाठवलं. वर्षानं तो परत आला, चालत. माझ्यासाठी सीताफळं घेऊन. म्हणाला, मॅडम, तुम्ही एकट्याच खरं बोलल्या, बाकी सगळे गोल गोल बोलत होते. मी स्कॅन केला. गाठी तेवढ्याच होत्या साहेब. एक मिलिमीटर वाढल्या नव्हत्या. जुन्या टीबीच्या होत्या त्या, किंवा धुळीच्या. गोळा मात्र मुठीएवढा झाला होता. पहिल्या वेळी काढता आला असता. कोणी सुई घालून पाहिलंच नाही, कारण मी लिहून टाकलं होतं."

दुबे सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग?" दुबे सरांनी विचारलं.

"मग काय. सीताफळं घेतली मी. नाही कशी म्हणणार? त्याला सांगितलं, माझं चुकलं होतं. तो म्हणाला, असू द्या मॅडम, शिलाईत पण होते. चार महिन्यांनी गेला तो." मॅडमनी नाक पुसलं, स्वेटरच्याच बाहीला. "वाढलेल्या गाठी मी वाढलेल्या लिहीन. पसरलेला हा शब्द सुई लिहील, मी नाही. आता उठा आणि परत झोपा टेबलावर."

"किसलिए?"

"झोपा म्हटलं ना."

दुबे सर उठले. या वेळी भांडले नाहीत. मॅडमनी दोनदा स्कॅन केला, एकदा छाती भरून श्वास घ्यायला लावून आणि एकदा सगळा श्वास सोडायला लावून. मग दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि पडद्यावर बोट ठेवून बरगड्या मोजायला लागल्या. शाळेत पोरं मोजतात तशा, मोठ्याने. श्वास आत होता तेव्हा गोळा आठव्या बरगडीसमोर होता. श्वास सोडल्यावर सातव्या बरगडीसमोर.

त्यांनी परत मोजलं. रामेश्वरना मोजायला लावलं. मला मोजायला लावलं. मला बरगड्यांतलं काय कळतं, पण मीही सातच मोजल्या.

"चिकटला असता तर सरकला असता का?" मॅडम म्हणाल्या. "नुसता टेकून बसला आहे. बसमध्ये शेजारचा माणूस झोपून खांद्यावर टेकतो तसा. खाली यकृतात काही नाही, मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथींत काही नाही. साहेब, मी म्हणत नाही सगळं चांगलं आहे. मी म्हणते, आधी त्या गाठींचा नमुना घ्या. तुम्ही स्वतःच्या छातीवर स्वतःच निकाल देऊन राहिले."

दुबे सरांनी शर्टाची बटणं लावली. एक वर-खाली लागली होती. दारात थांबून म्हणाले, "रिपोर्ट में नाम?"

"रामप्रसादच ठेवते," मॅडम म्हणाल्या. "पर खाली एक 'लेकिन' टाकते."

नागपूरला सुईने नमुना घेतला. त्या आठवड्यात मॅडमनी काही खाल्लं नाही, म्हणजे अंधाऱ्या खोलीत कचकच आवाज आला नाही, आणि माझे स्वल्पविराम चुकायला लागले. फोन आला तेव्हा त्या एका पेशंटशी बोलत होत्या. ऐकून घेतलं, "हो. हो. बरं," म्हणाल्या, फोन ठेवला, पेशंटचं बोलणं पूर्ण केलं. मग मला म्हणाल्या, "गाठींत धूळ निघाली. नुसती धूळ. शेंगा आण कुठून तरी."

गोळा कॅन्सरचाच निघाला. पण फुफ्फुसाचा एक भाग काढून दुबे सर हिवाळ्यात परत कामावर आले, दहा किलोंनी कमी आणि बोटांत एकही अंगठी नसलेले. सगळ्या शहरात चर्चा. ते मॅडमना भेटायला आले तेव्हा आम्हाला वाटलं, आता काहीतरी भावनिक होणार. मी तर रुमाल काढून ठेवला होता. दोघं समोरासमोर बसले, दुबे सरांनी खिशातून एक अहवाल काढला आणि म्हणाले, "ये कल वाले मरीज़ में आपने फिर चार 'लेकिन' लिखे हैं." पाच मिनिटांत दोघांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला. रामेश्वर माझ्याकडे पाहून म्हणाले, "अब सब ठीक हे." मी रुमाल ठेवून दिला.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी निरोपसमारंभ होऊ दिला नाही. मालकांनी शाल आणली होती, ती त्यांनी "इथं थंडी मले एकटीलेच वाजत नाई" म्हणून रामेश्वरना दिली. भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, पुढचा पेशंट आत पाठवा.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. फेब्रुवारीतला रविवार होता, सकाळी आठचा सुमार. बूढा तालाबाजवळच्या शाळेच्या मैदानाशेजारून मी आईकडे चालले होते. मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून उभी होती आणि मधून एक लाल स्कूटी वेड्यावाकड्या रेषेत येत होती. वर मॅडम. साडीचा पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर दोन नंबर मोठं हेल्मेट.

मला एकदम मॅडमचे यजमान, खडतकर काका आठवले. इतकी वर्षं ते मॅडमना स्कूटरवर मागे बसवून आणायचे आणि संध्याकाळी न्यायला यायचे. मॅडमना सायकलही येत नव्हती. काका गेले त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हा त्या चौथ्या दिवशी कामावर आल्या, ऑटोने, ऑटोवाल्याशी रस्ताभर भांडत, आणि काकांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ही बाई आता स्कूटी शिकत होती.

स्कूटीमागे सीट धरून रामेश्वर धावत होते. शर्ट घामाने भिजलेला. मी कुंपणापाशी थांबून ओरडले, "मॅडम!"

"कोण? सुनंदा?" मॅडम समोरच पाहत ओरडल्या. "मी तुह्याकडे पाहून नाई राहिली, पडीन! रामेश्वर, आता सोडू नको हं! पक्कं धर!"

उत्तर माझ्या शेजारून आलं. रामेश्वर कुंपणाला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते. "मैं तो कब के छोड़ दे हँव, मैडम!"

मॅडमनी ते ऐकलं. स्कूटी एकदम डगमगली, पोरं ओरडत बाजूला पळाली, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या सरळ चालल्या होत्या. मैदानाला एक फेरी झाली, दुसरी झाली. थांबायचं कसं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं की थांबायचं नव्हतं, मला कळलं नाही. तिसऱ्या फेरीला फाटक उघडं दिसलं. समोर तालाबाचा रस्ता, ऑटो, सायकली, दूधवाले.

"मॅडम, नको!" मी ओरडले.

उजवीकडचा इंडिकेटर लावून त्या डावीकडे वळल्या.